होस्टिंग घेण्याआधी फोटो मोजा

नागपूरच्या धरमपेठेत माझ्या एका फोटोग्राफर मित्राचा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी आणि प्री-वेडिंग यांवर त्याचं घर चालतं, आणि ऑर्डर नसली की तो पेंच नाहीतर उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात सापडतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने स्वतःची वेबसाइट काढली. एका कंपनीची ऑफर संपत आली होती म्हणून आधी तीन वर्षांचं होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायला कंपनीच्या कॉम्प्युटरवरची (सर्व्हरवरची) भाड्याची जागा, घेऊन टाकलं. मग ओळखीच्या एका मुलाने त्यावर वर्डप्रेस हे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. फोटो सगळ्यात शेवटी चढले. पहिल्याच मोठ्या लग्नाची गॅलरी तयार झाली, रात्री साडेनऊला लिंक नवरीच्या काकांना गेली, काकांनी ती घरच्या चार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, आणि दहाच्या आत मला फोन. "अबे, फोटो उघडूनच नाही राहिले. पांढरं पान दिसून राहिलं नुसतं. काका मलेच विचारून राहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या स्टुडिओत जाऊन बसलो. गॅलरीत १८० फोटो. प्रत्येक फोटो पूर्ण आकारात एक्स्पोर्ट केलेला, सरासरी १० एमबीचा. म्हणजे पान शेवटपर्यंत पाहिलं तर १.८ जीबी. आपल्याकडे बहुतेकांच्या प्रीपेड पॅकमध्ये दिवसाला दीड-दोन जीबी डेटा असतो. एका लग्नाची एक गॅलरी पाहण्यात एका माणसाचा दिवसभराचा डेटा जात होता, आणि लिंक पोचली होती दोन-अडीचशे माणसांकडे.

तो म्हणत होता, होस्टिंगच बेकार निघालं, बदलून टाकू. पण याच गॅलरीसाठी त्याने चौपट महागडं होस्टिंग घेतलं असतं तरी काकांच्या फोनवर तेच झालं असतं. त्याचा क्रमच उलटा लागला होता. फोटो किती, किती जड आणि कोण पाहणार, हे आधी. त्यावरून सॉफ्टवेअर ठरतं. सॉफ्टवेअरला काय लागतं त्यावरून होस्टिंग. मी गेली काही वर्षं फोटोग्राफर मित्रांच्या वेबसाइट लावून देतो आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हाच गोंधळ पाहतो. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितो आहे.

एक फोटो जवळून पाहू

मारबतीच्या मिरवणुकीतला एक फोटो घ्या. तान्ह्या पोळ्याचा दिवस, काळी मारबत, म्हणजे वाईटाचं प्रतीक असलेला मोठा पुतळा, गर्दीतून येते आहे, मागे बडगे नावाचे पुतळे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती) २५ ते ३० एमबी, चांगल्या क्वालिटीची जेपीईजी साधारण १० एमबी.

आता हा फोटो कुठे दिसणार? फुल एचडी मॉनिटरची रुंदी १९२० पिक्सेल. फोनच्या पडद्याची त्याहून कमी. ६००० पिक्सेलचा फोटो पाठवला तर पाहणाऱ्याचा फोन तो पूर्ण उतरवून घेतो आणि मग आक्रसून दाखवतो. वरचे सगळे पिक्सेल वाया, डेटा मात्र पुरता खर्च. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधून लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि क्वालिटी ७५ ते ८० ठेवून हाच फोटो काढला तर तो साधारण ४०० ते ६०० केबी होतो. वीसपट हलका. मी मित्राच्या स्टुडिओत दोन्ही फोटो त्याच्याच फोनवर शेजारी शेजारी उघडून दाखवले. मारबतीच्या गळ्यातल्या माळा, गुलाल, घामेजलेले चेहरे, सगळं तसंच. कुठला कोणता हे त्याला सांगता आलं नाही, आणि डोळा त्याचा माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे.

एक्स्पोर्ट करताना कलर स्पेस, म्हणजे फाइलमध्ये रंग मांडायची पद्धत, एसआरजीबी हवीच. ही १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून मांडली, आणि वेबवर रंगाची काही माहिती नसेल तर ब्राउझर हीच गृहीत धरतो. कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी ही दुसरी कलर स्पेस ठेवून तशीच फाइल चढवली आणि वाटेत कुठे प्रोफाइल (कोणती कलर स्पेस आहे ही फाइलमधली नोंद) गळून पडली, की हळदीचा पिवळा मळकट आणि शालूचा लाल फिका दिसायला लागतो. ग्राहकाला कलर स्पेस ठाऊक नसते. फोटोग्राफरने रंग बिघडवले एवढंच त्याला दिसतं.

तिथेच जीपीएसची माहितीही काढून टाका. फोनने काढलेल्या फोटोत आणि काही कॅमेऱ्यांच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. घरी काढलेल्या बारशाच्या फोटोसोबत त्या घराचा पत्ता जगाला देण्याचं कारण नाही. जंगलाच्या फोटोंना तर हे दुप्पट लागू. वाघीण पिल्लांसह कुठल्या नाल्यात बसते ते फाइलमधून कुणाला कळू नये.

आता सर्व्हरच्या बाजूने बघू, कारण इथलं गणित सहसा कुणी समजावत नाही. वर्डप्रेसवर तुम्ही एक फोटो चढवता तेव्हा ते त्याच्या लहान-मोठ्या प्रती बनवतं: १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेल. मूळ फोटो २५६० पिक्सेलपेक्षा मोठा असेल तर आणखी एक २५६० ची प्रत, शिवाय मूळ फोटो तसाच राहतो. म्हणजे चढवला एक फोटो, सर्व्हरवर फाइली आठ. थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा तयार साचा, स्वतःच्या दोन-तीन आकारांची भर घालते ती वेगळी. हे वाईट नाही, उलट हीच सोय आहे: फोनला लहान प्रत जाते, मॉनिटरला मोठी. मित्राच्या गॅलरीत सेटिंग 'फुल साइज' होतं, त्यामुळे लहान प्रती बनून पडलेल्या आणि सगळ्यांना जात होती ती १० एमबीची मूळ फाइल.

या प्रती बनवताना सर्व्हरला फोटो मेमरीत उलगडून घ्यावा लागतो. जेपीईजी १० एमबीची दिसत असली तरी उलगडल्यावर ६००० गुणिले ४००० पिक्सेल आणि प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे ९६ एमबी. पीएचपी ही भाषा, जिच्यावर वर्डप्रेस चालतं, मुळात एका कामाला १२८ एमबी मेमरी देते. त्यात वर्डप्रेस स्वतः, थीम आणि प्लगइन (वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) बसलेले असतात. म्हणून स्वस्त होस्टिंगवर मोठा फोटो चढवताना मधेच गाडी थांबते आणि अर्थ न लागणारा एक एरर येतो. २०४८ चा फोटो उलगडला तर अकरा-बारा एमबीच होतो. तो कुठेही चढतो.

वेबपी आणि एव्हीआयएफ या नव्या फॉरमॅटबद्दल लोक फार विचारतात. गूगलने २०१० मध्ये आणलेला वेबपी जेपीईजीपेक्षा साधारण पाव हिस्सा हलका पडतो, एव्हीआयएफ त्याहून हलका. वर्डप्रेसने २०२१ मध्ये पहिला आणि २०२४ मध्ये दुसरा स्वीकारला. वापरा, चांगलेच आहेत. पण १० एमबीवरून ५०० केबीवर येणं ही खरी उडी. ५०० वरून ३५० वर नंतर निवांत आलं तरी चालेल.

सॉफ्टवेअर कुणासाठी?

फोटोग्राफरची वेबसाइट म्हणजे खरं तर तीन वेगवेगळी कामं असतात. पहिलं, नव्या ग्राहकाला आपलं काम दाखवणं. इथे ४०-५० निवडक फोटो पुरतात, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त ठेवूच नयेत. दुसरं, झालेल्या लग्नाचे दोन-अडीच हजार फोटो त्या घराला पाहायला देणं, त्यांच्याकडून अल्बमसाठी सिलेक्शन घेणं आणि डाउनलोड देणं. तिसरं, स्वतःचा वर्षानुवर्षांचा साठा, नाव-गाव-तारखेने शोधता येईल असा. या तिन्हींना एकाच सॉफ्टवेअरमध्ये कोंबायला गेलं की प्रत्येकाचं थोडं थोडं बिघडतं. तीन कामांना तीन जागा असू द्या, हे माझं ठाम मत आहे.

पहिल्या कामाला वर्डप्रेस उत्तम. २००३ पासून आहे, फुकट आहे, मराठीत आहे, आणि अडलं तर मदत करणारा माणूस नागपुरात कोणत्याही गल्लीत सापडतो. एक गफलत मात्र नेहमी होते. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर घेऊन तुम्ही ते आपल्या होस्टिंगवर बसवता. वर्डप्रेस डॉट कॉम ही त्याच सॉफ्टवेअरवर चालणारी तयार सेवा आहे, तिथे होस्टिंग त्यांचं आणि कोणता प्लगइन चालेल हे तुम्ही घेतलेल्या प्लॅनवर. यूट्यूबवरचे बहुतेक धडे पहिल्याचे असतात. दुसरं घेऊन पहिल्याचे धडे बघत बसलेले दोघे-तिघे मला भेटले आहेत, आणि त्यांचे आठवडे वाया गेले.

थीम घेताना डेमोतल्या फोटोंना भुलू नका. डेमोतले फोटो कुणा परदेशी फोटोग्राफरचे असतात, सगळे आडवे, सगळे एकाच उजेडातले. आपल्या लग्नात अर्धे फोटो उभे, मंडपात गुलाबी-निळे लाइट, एका फ्रेममध्ये चाळीस माणसं. थीम निवडताना आपलेच दहा फोटो टाकून फोनवर बघा. उभ्या फोटोत नवरदेवाचं डोकं कापलं जात असेल तर ती थीम आपली नाही.

आणि प्लगइन कमी ठेवा. २०११ साली टिमथंब नावाच्या एका छोट्या स्क्रिप्टमध्ये भोक सापडलं. ती फोटो लहान-मोठे करायची, म्हणून असंख्य थीममध्ये आपसूक बसलेली होती. तिच्यातून बाहेरचा माणूस तुमच्या सर्व्हरवर स्वतःची फाइल चढवून चालवू शकत होता. आपल्या थीमच्या पोटात ती आहे हे बहुतेकांना ठाऊकही नव्हतं. गॅलरीला एक प्लगइन, बॅकअपला एक, फॉर्मला एक, कॅशला (तयार पान साठवून पटकन द्यायला) एक. पाचवा घ्यायच्या आधी तो शेवटचा कधी अपडेट झाला ते बघा. वर्षभर हात लागलेला नसेल तर नकोच.

दुसऱ्या कामाला, म्हणजे ग्राहकाच्या गॅलरीला, तयार सेवा घ्यावी असं मी सांगतो. स्मगमग २००२ पासून याच धंद्यात आहे, पिक्सीसेट आपल्याकडच्या लग्नवाल्यांनाही माहीत आहे. पासवर्ड, सिलेक्शनची यादी, डाउनलोडची परवानगी, सगळं तयार मिळतं आणि होस्टिंगची काळजी त्यांची. 'मंडळी, अल्बमसाठी १५० फोटो निवडून पाठवा' म्हटल्यावर व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉटचा पाऊस पडतो तो थांबतो, एवढ्यासाठीसुद्धा ते भाडं वसूल होतं.

भाडं डॉलरमध्ये असेल तर एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डवरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना आधी नोंदणी आणि सूचना लागते. परदेशी सेवेने ती व्यवस्था केलेली नसेल तर पैसे कापलेच जात नाहीत आणि नूतनीकरण गपचूप फसतं. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू व्हायचा आणि नेमकी तेव्हाच गॅलरी बंद. तारीख कॅलेंडरवर टाका आणि पैसे हाताने भरा.

तिसऱ्या कामाला, साठ्याला, पिविगो नावाचं सॉफ्टवेअर बघण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये २००२ साली सुरू झालं, फुकट आहे, वर्डप्रेससारखंच पीएचपी आणि मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालतं. अल्बमच्या आत अल्बम, टॅग, तारखेने शोध, आणि कुणाला कोणता अल्बम दिसेल याची परवानगी. एखादी शाळा, संस्था, ट्रेकिंगचा ग्रुप किंवा जुन्या नागपूरचे फोटो जमवणारा माणूस असेल तर मी वर्डप्रेसऐवजी हेच बसवून देतो.

ज्यांना थोडं कोड लिहायला आवडतं त्यांच्यासाठी ह्यूगोसारखे स्टॅटिक साइट जनरेटर आहेत. तुमच्या लॅपटॉपवरच सगळी पानं बनून तयार होतात, सर्व्हरवर फक्त तयार फाइली जातात. डेटाबेस नाही, पीएचपी नाही, हॅक करायला जवळजवळ काही नाही. माझे स्वतःचे जंगलाचे फोटो असेच ठेवले आहेत. पण फोटोग्राफर स्वतः ते चालवणार नसेल तर त्याच्या गळ्यात घालू नये. तुम्ही गावाला गेलात की त्याला एक फोन नंबरही बदलता येत नाही.

आणि हो, इन्स्टाग्राम असताना वेबसाइट कशाला, हा प्रश्न दर वेळी येतो. दुसऱ्याच्या अंगणाचे नियम दुसरा ठरवतो म्हणून. फोटो ठेवायची साइट फ्लिकर २००४ साली आली, सगळे फोटोग्राफर तिथे जमले. २०१८ मध्ये ती स्मगमगने विकत घेतली आणि पुढच्या वर्षी फुकट खात्यांना १,००० फोटोंची मर्यादा आली. पिकासा हे फोटोंचं सॉफ्टवेअर गूगलने २०१६ मध्ये बंद केलं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला संपली. लोकांना बोलवायला इन्स्टाग्राम जरूर वापरा, पण त्यांना आणायचं ते आपल्या घरी.

आता होस्टिंग

नागपूरकरांना शेअर्ड होस्टिंग समजावायला मला एकच उदाहरण लागतं. मे महिना, पारा पंचेचाळीसवर, आणि अख्ख्या गल्लीला एक डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. दुपारी सगळ्यांचे कूलर एकदम सुरू झाले की तुमच्या घरातला पंखा मंदावतो, तुमची काही चूक नसताना. शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइट अशाच एका डीपीवर असतात. म्हणून कंपनी प्रत्येकाला मर्यादा लावते: इतकी मेमरी, एका क्षणी इतक्याच विनंत्या. काकांची लिंक चार ग्रुपवर गेली की ती मर्यादा भरते आणि उरलेल्यांना पांढरं पान दिसतं.

व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा तुमच्यापुरता राखलेला भाग, हा झाला स्वतःचा वेगळा मीटर. ठरलेली मेमरी तुमचीच, शेजाऱ्याचा कूलर तुम्हाला लागत नाही. पण वायरिंगही तुम्हीच बघायचं: अपडेट, सुरक्षा, बॅकअप. ज्याला लिनक्स येत नाही त्याने हे घेऊ नये. मधला मार्ग मॅनेज्ड वर्डप्रेसचा, तिथे वायरमन त्यांचा असतो आणि त्याचे पैसे तुम्ही देता. पन्नास फोटोंच्या पोर्टफोलिओला बरं शेअर्ड होस्टिंग पुरतं. फोटो हलके असतील आणि कॅश लावलेली असेल तर कुणाला फरक कळणार नाही.

जाहिरातीतल्या 'अनलिमिटेड' शब्दाखाली दोन आकडे शोधा. एक आयनोड, म्हणजे एकूण किती फाइली ठेवता येतील. मगाशी एका फोटोच्या आठ फाइली मोजल्या त्या इथे आठवा. दहा हजार फोटो पूर्ण आकारात चढवले तर ऐंशी हजार फाइली झाल्या, जागा अर्धी रिकामी असतानाच कंपनी हात वर करते. दुसरा आकडा नूतनीकरणाच्या भावाचा. पहिल्या मुदतीचा भाव मोठ्या अक्षरात, पुढचा भाव बारीक अक्षरात आणि बरेचदा दुप्पट-तिप्पट. त्यावर १८ टक्के जीएसटी. मित्राने तीन वर्षं एकदम घेतली त्यामागे भीती हीच होती. माझ्या मते आधी एक वर्ष घ्या. सेवा कशी आहे हे रात्री अकराला मदत मागितल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळायच्या आत तीन वर्षांचे पैसे अडकवू नयेत.

सर्व्हर कुठे आहे, हाही प्रश्न विचारा. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. मुंबईचा सर्व्हर त्या अंतरावर धरला तर संदेश जाऊन यायला सात मिलिसेकंद. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर १३ हजार किलोमीटरवर, जाऊन-येऊन किमान १३०, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात २०० च्या वर. फोटो उतरायला लागण्याआधी ब्राउझर आणि सर्व्हरच्या अशा तीन-चार फेऱ्या होतात. म्हणजे पाऊण सेकंद नुसत्या 'नमस्कार, चमत्कारा'त गेला. ग्राहक विदर्भातले असतील तर मुंबईचं डेटा सेंटर निवडा. बहुतेक कंपन्या खरेदीच्या वेळी पर्याय देतात, आपण न बघता पुढे जातो.

नवरदेवाचे मित्र बोस्टनला असतील तर? त्यासाठी सीडीएन. तुमच्या फोटोंच्या प्रती जगभरच्या केंद्रांत ठेवायच्या आणि पाहणाऱ्याला जवळच्या केंद्रातून द्यायच्या. क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीच्या केंद्रांच्या यादीत मुंबई-दिल्लीसोबत नागपूरही आहे. त्याची फुकट योजना छोट्या साइटला पुरते, आणि मूळ सर्व्हरवरचा भार एवढा उतरतो की शेअर्ड होस्टिंगवरही मोठं लग्न निभावतं.

एसएसएल प्रमाणपत्राचे (साइट आणि पाहणाऱ्यामधली देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या) वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेमुळे ते फुकट मिळतं आणि चांगलं होस्टिंग ते आपोआप लावतं.

नाव आणि बॅकअप

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या पैशाने घ्या. हे मी पोळलेल्या तोंडाने सांगतो आहे. माझी पहिली साइट ज्यांनी बनवली त्यांनी डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं. तीन वर्षांनी त्यांनी काम बंद केलं, फोन लागेना, मुदत संपली आणि नाव गेलं. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर, गाडीच्या काचेवर, शेकडो लोकांकडे असलेल्या अल्बमच्या मागच्या पानावर ते नाव छापलेलं होतं. डॉट कॉम नावाची मुदत संपली तर काही आठवडे सवलतीचे, मग ३० दिवस जास्त दंड भरून सोडवायचे, मग ५ दिवस, आणि त्यानंतर कुणीही ते घेऊ शकतं. पण हे सगळं ज्याच्या खात्यात नाव आहे त्यालाच करता येतं. होस्टिंग आणि डोमेन शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवा, एकाशी बिनसलं तर दुसरं हातात राहतं.

बॅकअप होस्टिंगवाला घेतो, या भरवशावर राहू नका. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून गेली. लाखो वेबसाइट बंद पडल्या, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा बॅकअपही गेला. जुना नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. वेबसाइटवरचे २०४८ पिक्सेलचे फोटो म्हणजे बॅकअप नाही हेही लक्षात ठेवा. रॉ डेटा वेगळ्या हार्ड डिस्कवर हवाच.

एक मुद्दा तंत्राबाहेरचा, पण पोर्टफोलिओच्या आधीचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे नवरीचा सुंदर फोटो तुम्ही काढलात, पण वेबसाइटवर टाकायचा हक्क आपोआप तुमचा नाही. कोटेशनमध्येच दोन ओळी घाला: निवडक फोटो कामाचा नमुना म्हणून दाखवण्याची परवानगी, आणि नको असल्यास तसं सांगण्याची सोय. लहान मुलांच्या फोटोंना आई-वडिलांना वेगळं विचारा. राइट क्लिक बंद करणारे प्लगइन मात्र सोडून द्या. पडद्यावर दिसलं ते स्क्रीनशॉटने घेता येतंच.

मित्राचं पुढे काय झालं ते सांगतो. होस्टिंग बदललं नाही. १८० फोटो पुन्हा एक्स्पोर्ट केले, गॅलरीत ७६८ पिक्सेलची प्रत दिसेल आणि बोट लावल्यावर मोठी उघडेल असं केलं. पान १.८ जीबीवरून वीसेक एमबीवर आलं. पुढे वेबसाइटवर फक्त ४८ फोटो ठेवले आणि ग्राहकांच्या गॅलरी भाड्याच्या सेवेवर गेल्या. रॉ डेटाच्या दोन डिस्क झाल्या, एक स्टुडिओत, एक वर्ध्याला सासरी, आणि तिसरी प्रत क्लाउडवर. एका रविवारी आम्ही मुद्दाम साइटची चाचणीची प्रत मोडली आणि बॅकअपवरून परत उभी केली. पहिल्यांदा दोन तास लागले, कारण पासवर्ड सापडत नव्हता. तो आता कागदावर लिहून कपाटात आहे.

डिसेंबरात नागपूरच्याच सदर भागात एक लग्न झालं. लिंक पुन्हा रात्रीचीच गेली, पुन्हा ग्रुपवर पडली. नऊ चाळीसला त्याच्या फोनवर मुलीच्या वडिलांचा मेसेज आला: ११२ नंबरचा फोटो, आजी मुंडावळ्या बांधते आहे तो, मोठा करून फ्रेम हवी आहे, दोन प्रती.